लिहिल्याप्रमाणे समजावे

दुबई, ता. १८ डिसेंबर १९६४, शुक्रवार
दुपारी तीन वाजून दहा मिनिटं

हमदुल्लाभाई, अस्सलामु अलैकुम.

वेळ मुद्दाम घातली आहे. नूरुद्दीन शेठच्या गुदामात तांदळाच्या गोण्यांमागे माझं टेबल आहे, तिथे बसून मी जमातीच्या नव्या प्रोसिडिंग बुकात लाल शाईने समास आखत होतो. सतरा पानं झाली. अठराव्या पानावर रेघ वाकडी गेली, तेव्हा पट्टी खाली ठेवली आणि हे एअर लेटर घेतलं.

एक तारखेला, मंगळवारी, तुम्ही दास बेटाच्या बोटीने आलात. चाची गेल्याची, तुमच्या अम्माच्या इंतकालाची तार तुम्हाला दहा दिवस उशिरा मिळाली होती आणि तुमच्या तेल कंपनीने तुम्हाला मुंबईला जाऊ दिलं नव्हतं, दोन दिवसांचा पास दिला होता. तुम्ही चप्पल न काढता आत आलात. हमालांच्या देखत एकच विचारलंत, 'माझी रजा कोणी लिहिली?' मी म्हटलं, 'मी.' त्यापुढे 'पण' म्हणालो, तोवर तुम्ही वळला होतात. त्या 'पण'च्या पुढचं आज लिहितो. तुम्हाला माहीत असलेलंही लिहीन. क्रम सोडला की माझं लिहिणं बिघडतं.

आपल्या खारबंदरच्या जमातीची दुबई शाखा दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी असरच्या नमाजनंतर याच गुदामात बसते. गावच्या मशिदीचा सगळा कारभार आता इथूनच चालतो, कारण पैसा इथून जातो. नमाज पढवणाऱ्या खतीब अलीमियाँचा पगार, चटया, दिव्याचं तेल, कब्रस्तानचं कुंपण, सगळं इथे बोट वर करून ठरतं. मग मी बुकातून ठरावांची नक्कल काढून गावाला पाठवतो. तीन वर्षं मी हे काम करतो आहे. बिगरपगारी आहे, पण शेठनी माझ्या नोकरीबरोबरच ते दिलं होतं.

चार सप्टेंबरच्या मीटिंगीत कलम तिसरं हौजाचं होतं. अलीमियाँचं पत्र आलं होतं, की वुजूचा, नमाजआधी हातपाय धुवायचा हौज लहान पडतो, रमजानात माणसं रांगेत उभी राहतात आणि जमातीची नमाज चुकते. मशिदीच्या पूर्वेची पट्टी मिळाली तर हौज दुप्पट होईल. पूर्वेची पट्टी म्हणजे तुमच्या घरामागचा चिऱ्याचा गडगा, ती बैठी भिंत, त्याच्या आतलं अंगण आणि विहीर. पत्रात शेवटी होतं, 'जमीनवाल्याची रजा लिहून पाठवावी.'

शेठ म्हणाले, हौजाचा सारा खर्च माझा, वालिदच्या सवाबासाठी, बापाला पुण्य लागावं म्हणून. सगळ्यांनी बोटं वर केली. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, अरे, पण जमीन तर हमदुल्लाची. शेठ म्हणाले, विचारू, आपलाच माणूस आहे. मी बुकात लिहिलं, 'हौज वाढवणे मंजूर. खर्च नूरुद्दीन शेठ. जमिनीबाबत हमदुल्ला यांना विचारावे.'

नक्कल एअर लेटरवर जाते. त्या निळ्या कागदावर माझ्या अक्षरात सव्वीस ओळी बसतात, सत्ताविसावी घडीत जाते. शिवाय नकलेत ठराव पाठवायचे, चर्चा नाही, असा शेठचा नियम आहे. 'विचारावे' ही चर्चा होती. म्हणून नकलेत एवढंच गेलं, 'हौज वाढवणे मंजूर. खर्च नूरुद्दीन शेठ.'

आणि सर्वांत खाली नेहमीची ओळ. न सांगता गैरहजर राहणाऱ्याला जमात एक रुपया दंड लावते. जो सांगून राहतो त्याचं नाव मी खाली घालतो, म्हणजे दंड लागत नाही. तुम्ही दासला होतात, ऐनुद्दीन दर्जी तापाने पडले होते. पूर्वी मी 'रजेवर असलेले सभासद' असं पूर्ण लिहायचो. त्या दिवशी जागा उरली नाही म्हणून लिहिलं :

रजा : हमदुल्ला, ऐनुद्दीन.

तुमचा रुपया वाचावा म्हणून ती ओळ आहे, भाई. आमच्या मराठी शाळेत रजा म्हणजे सुट्टी. अलीमियाँ उर्दू शिकलेले, त्यांच्या वाचण्यात रजा म्हणजे मर्जी, संमती. त्यांनी रजा मागितली होती, कागदावर त्यांना रजा मिळाली. पण त्यांनी एक विचार करायला हवा होता. ऐनुद्दीन दर्जींची मशिदीजवळ वीतभर जमीन नाही. मग त्यांची रजा कशाची?

चोवीस आणि पंचवीस ऑक्टोबरला गडगा पाडला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

चूक झाली ती शब्दाची झाली. या पत्रात मी काही लपवलेलं नाही.

तुमचा चुलतभाऊ
मुनीर


दुबई, ता. ११ जानेवारी १९६५, सोमवार
रोजाचा दिवस, दुपारी गुदाम बंद आहे

हमदुल्लाभाई,

तुमच्या मेसमध्ये रांधणारा भंडारी शनिवारी सामान घ्यायला आला होता. त्याने सांगितलं की माझं पत्र तुम्ही पेटीत कपड्यांखाली ठेवलं आहे, फोडलेलं नाही. फोडलं नाही तरी ठेवलं आहे, म्हणून दुसरं लिहितो.

एक जानेवारीची मीटिंग कळवायला हवी. रमजानच्या आत हौज पुरा झाला, असं गावाहून आलं होतं. शेठच्या वालिदच्या नावाचा दगडही बसला. शेठनी शेवयांसाठी ठेवलेला सुका मेवा सगळ्यांत वाटला. मग एकाने ठराव मांडला, की हमदुल्ला यांनी जागा दिली, वर त्यांच्या घरात मय्यत झाली तरी त्यांनी शब्द काढला नाही, म्हणून जमातीने त्यांचा शुकराना मानावा. सगळ्यांची बोटं वर गेली. ते लोक वाईट नाहीत, भाई. त्यांना खरंच वाटतं की तुम्ही जमीन दिलीत. काहींचे डोळे भरून आले होते.

ऐनुद्दीन दर्जी तेवढे माझ्याकडे बघत होते. बाहेर पडताना म्हणाले, 'मुन्शी, त्या कागदावर माझं पण नाव होतं म्हणे. माझा शुकराना कधी?' मी हसलो नाही. तेही हसले नाहीत.

तो ठराव मी लिहिला. तुमच्या नावापुढे 'जनाब' घातलं.

रशीदाभाबीचं पत्र मला आलं आहे. शेजारच्या शहनाझकडून लिहून घेतलं आहे, म्हणून पोरीच्या वहीच्या कागदावर आहे. तुम्हाला त्यांनी हे लिहिलं की नाही, मला माहीत नाही. लिहिलं नसेल तर ते कळायला तुमच्याकडे माझ्याशिवाय कोणी नाही, म्हणून देतो.

मोतीबिंदूने चाचीच्या दोन्ही डोळ्यांचं दिसणं गेलं होतं, तरी मागच्या दारापासून विहिरीपर्यंत ती एकटी जायची. उजवा हात गडग्यावर ठेवून बावीस पावलं. गडगा गेला त्या दिवसापासून भाबी तिला रोज सांगायच्या की तिकडे आता जायचं नाही, खड्डा खणलाय. विहीर नव्या कुंपणात गेली होती, त्यामुळे भाबी पाण्याला खतिबांच्या आडावर जायच्या. नऊ नोव्हेंबरला पहाटे त्या तिकडेच होत्या. चाची फजरला उठली, वुजूचा बदना, तो तोटीचा तांब्या घेतला आणि दाराबाहेर पडली. भाबी म्हणतात, 'अम्माला माहीत होतं. तिच्या हाताला माहीत नव्हतं.' हौजाचा खड्डा तेव्हा छातीभर खोल होता, तळाला चिरे रचलेले. कमरेचं हाड मोडलं. अकरा दिवस होती. ताप चढला की विचारायची, 'गडगा कोणी नेला?' भाबी सांगायच्या, मशिदीने घेतला. मग ती म्हणायची, 'हमदुल्लाने दिला असेल तर ठीक आहे.' भाबींनी तिला खरं सांगितलं नाही.

हे वाचून मी भाबीचं पत्र घडी घालून ठेवलं.

आधीच्या पत्रात शेवटी मी एक वाक्य लिहिलं होतं, की काही लपवलेलं नाही. ते वाक्य वाचू नये.

मुनीर


दुबई, ता. १४ फेब्रुवारी १९६५, रविवार
सकाळी नऊ, शेठ बँकेत गेले आहेत

हमदुल्लाभाई,

ईद होऊन गेली. गावात काय झालं ते अलीमियाँच्या पत्रावरून कळलं.

ईदच्या दुसऱ्या दिवशी रशीदाभाबी त्यांच्या घरी गेल्या आणि तुमचं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यात तुम्ही लिहिलं होतं, 'मी कोणाला जमीन दिलेली नाही.' अलीमियाँनी ते तीनदा वाचलं. त्या दिवसापासून ते हौजावर वुजू करत नाहीत, घरून करून येतात. ईदनंतरच्या जुम्म्याला त्यांनी इमामत केली नाही, मागच्या सफेत, शेवटच्या रांगेत उभे राहिले. जमातीला लिहितात, 'मालकाची रजा नसताना घेतलेल्या जागेच्या पाण्याबद्दल मला शंका आहे. शंका असताना मी लोकांच्या पुढे उभा राहणार नाही. मोहल्ल्याने महिनाभर रमजानच्या नमाजा त्या पाण्यावर पढल्या आहेत. हमदुल्लाची खरी रजा आणा.'

पत्र शेठनी फोडलं आणि माझ्या टेबलावर टाकलं. म्हणाले, 'तुझा भाऊ आहे. तू लिहून रजा मागव. बाराशे रुपये देऊ म्हणावं, जागेची किंमत आठशेसुद्धा नाही.'

मागण्याआधी मला एक सांगायचं आहे. नाहीतर ते मागणंही आधीच्यासारखंच खोटं होईल.

ऐनुद्दीनचं नाव अलीमियाँच्या ध्यानात आलं होतं, भाई. पहिल्या पत्रात मी त्यांना दोष दिला, पण त्यांनी विचारलं होतं. सव्वीस सप्टेंबरला त्यांचं पत्र आलं. सगळं पाठ आहे, 'नकलेत रजा म्हणून दोन नावे आहेत. त्यातील हमदुल्लाची ती जमिनीची रजा समजावी काय? ऐनुद्दीनचे नाव कशाला आहे ते उमगत नाही. खुलासा यावा, तोवर कुदळ लावणार नाही.'

वाचताक्षणी मला कळलं. ते काय समजले, मी काय लिहिलं, दोन्ही एका क्षणात कळलं.

शेठ चहाच्या पेट्या मोजून घेत होते. मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, 'तू काय लिहिलंस?'
मी म्हटलं, 'रजा.'
'मग चूक लिहिलंस का?'
मी म्हटलं, 'नाही.'
'तर मग कळव, लिहिल्याप्रमाणे समजावे. खलास.'

मी एका कार्डावर तेवढेच दोन शब्द लिहिले आणि पोस्टात टाकले. शेठला सगळं कळलं होतं की नाही, हे मी सांगू शकत नाही. त्यांनी जे विचारलं ते बरोबर विचारलं. चूक आहे का, असंच विचारलं. त्या वेळी मला 'हो' म्हणता आलं असतं.

नंतर मी मनात पुष्कळ सबबी जमवल्या. माझा पासपोर्ट शेठच्या तिजोरीत आहे. नोकरी त्यांची, झोपायची जागा त्यांची. पण खरं सांगतो, 'नाही' म्हणताना मला पासपोर्ट आठवलाच नव्हता. तो सबब शोधताना आठवला. तेव्हा एवढंच मनात होतं, की तीन वर्षांत माझ्या बुकात एक खाडाखोड नाही, एक वेलांटी चुकलेली नाही, आणि आता गावात वाचलं जाईल की मुन्शीने चूक लिहिलं. सातवी शिकलेला माणूस आणखी कशावर उभा राहणार?

ऐनुद्दीन दर्जींना हे मी काल सांगितलं. ते म्हणाले, रजा हा शब्द एकच आहे रे, साहेबाची मर्जी झाली की सुट्टी मिळते, म्हणून सुट्टीलाही रजा म्हणतात. म्हणजे शब्द चुकलाच नव्हता. मी चुकलो.

जमातीने सांगितलं तेवढं वर लिहिलं आहे. माझ्याकडून तुम्हाला मागणं नाही. फक्त माफी असेल तर.

मुनीर


दुबई, ता. ७ मार्च १९६५, रविवार

हमदुल्लाभाई,

भंडारी गुरुवारी आला आणि तुमचा निरोप सांगितला, 'माझ्याकडे लिहू नको. बुकात लिही.' मी त्याला दोनदा विचारलं, आणखी काही म्हणाले का? तो म्हणाला, एवढंच, आणि हे सांगताना तुम्ही भांडी घासत होतात. तुमचं काम ते नाही. तुम्ही फिटर आहात.

शुक्रवारी मीटिंग होती. बावीस सभासद हजर. मागचं कामकाज वाचून कायम झाल्यावर मी उभा राहिलो. मुन्शीने स्वतःहून बोलण्याची पद्धत नाही, म्हणून सगळे थांबले. मी कागदावर लिहून नेलं होतं. ते वाचलं, चार सप्टेंबरच्या नकलेतली रजा ही गैरहजेरीची होती, जमिनीची नव्हती. खतिबांनी खुलासा मागितला असता मी जाणूनबुजून खोटा खुलासा पाठवला. जमीन मालकाच्या संमतीवाचून घेतली गेली. तरी बुकात दुरुस्ती करावी आणि गावाला तसं कळवावं.

पहिल्यांदा कोणाला समजलंच नाही. मग समजलं तसे सगळे एकदम बोलू लागले. एकजण म्हणाला, हौजाचा दगड बसला, लोकांनी वुजू केली, आता काय पाणी परत विहिरीत ओतायचं? दुसरा म्हणाला, म्हणजे आमचा अख्खा रमजान या पोराच्या एका शब्दावर गेला. तिसऱ्याने मला विचारलं की हमदुल्लाने किती पैसे दिले. त्याला ऐनुद्दीन दर्जींनी उत्तर दिलं, 'अरे, त्या कागदावर माझी पण रजा आहे ना? मग माझ्या जमिनीवर मिनार बांधा. कुठे आहे ती मला पण दाखवा, इन्शाल्ला बघून येईन.' दोघेतिघे हसले. बाकीच्यांना राग आला.

शेठ शेवटी बोलले. त्यांचा आवाज चढला नाही. 'मुन्शी, सप्टेंबरची मीटिंग कायम झाली का?'

'झाली. दोन ऑक्टोबरला.'

'कायम म्हणजे काय?'

'ज्यात बदल होत नाही.'

'त्या हौजावर माझ्या वालिदचं नाव आहे. तू काय म्हणतोस ते समजतंय का तुला? मेलेल्या माणसाच्या नावावर चोरी लिहितो आहेस.'

मी म्हटलं, चोरी माझ्या नावावर लिहितो आहे. ते ऐकू जाईल एवढा माझा आवाज निघाला नसावा.

मत घेतलं. दुरुस्तीच्या बाजूने पाच बोटं. विरुद्ध तेरा. चौघांनी हात मांडीवरून हलवला नाही. त्यानंतर दुसरा ठराव झाला, की हमदुल्ला यांनी आता तरी रजा द्यावी आणि बाराशे रुपये घ्यावेत, नाहीतर त्यांचं नाव जमातीतून कमी करावं. म्हणजे पुढे घरात शादी असो, मय्यत असो, जमात येणार नाही. मी तो ठराव लिहिला. ते माझं काम होतं.

सगळे गेल्यावर मी चार सप्टेंबरचं पान उघडलं. 'रजा : हमदुल्ला, ऐनुद्दीन' ही ओळ पट्टी लावून एका रेघेने खोडली, म्हणजे खालचं वाचता येतं. समासात दुरुस्ती लिहिली. 'सदर दुरुस्ती जमातीने मतदानाने नाकारली असून ती मुन्शीने स्वतःच्या जबाबदारीवर केली आहे' हेही लिहिलं, कारण तेही खरं आहे. सही केली, तारीख घातली. बुक नेऊन शेठच्या हातात दिलं.

त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मला वाटलं, फाडतील. पानांवर छापील आकडे आहेत, फाडलं तर दिसेल. त्यांनी बुक मिटलं आणि म्हणाले, 'अक्षर चांगलं आहे तुझं. सामान बांध.'

मग तिजोरी उघडून पासपोर्ट दिला. तीन वर्षांपूर्वी माझ्या अपेंडिक्सचं सगळं बिल याच माणसाने भरलं होतं. ते मला त्याच वेळी आठवायला नको होतं.

तुमच्या नावाचा ठराव लागू व्हायला गावच्या जमातीचीही मंजुरी लागते. ती अजून झालेली नाही.

मुनीर


दुबई, ता. १ एप्रिल १९६५, गुरुवार
सकाळी साडेसात, खाडीच्या धक्क्यावर, ट्रंकेवर बसून

हमदुल्लाभाई,

मुंबईची बोट आज आहे. गेले चार आठवडे ऐनुद्दीन दर्जींच्या दुकानात कापडाच्या ठाणांमध्ये झोपलो. तीनचार ठिकाणी नोकरी विचारली. मराठी-इंग्रजी लिहिणारा हवा होता, पण कोणाकडून आलास म्हटल्यावर पुढे काही झालं नाही. इथे आपले लोक एकमेकांना विचारूनच माणूस ठेवतात.

अलीमियाँना मी दुरुस्तीच्या पानाची नक्कल पाठवली होती. या वेळी एकही ओळ गाळली नाही, दोन एअर लेटरं लागली. त्यांचं उत्तर आलं. ते लिहितात, 'कागदावर कागद नको. तू ये. जुम्म्याच्या नमाजनंतर सफा उठण्याआधी उभा राहा आणि वाच. लोक मारतील तर मारतील. मग मी जमातीला विचारीन की गडगा पुन्हा घालायचा की नाही.' ते अजून मागच्या सफेत उभे राहतात. मोहल्ल्यातल्या निम्म्या लोकांनी आता त्यांच्याशी बोलणं टाकलं आहे, असं शहनाझच्या अक्षरातल्या भाबीच्या पत्रात आहे. दुसरा कोणी इमामतीला उभा राहायला तयार नाही, म्हणून भांडण मिटत नाही.

इन्शाल्ला सोळा एप्रिलच्या जुम्म्याला मी गावात असेन. बकरी ईद त्याआधी होऊन जाईल. मी वाचेन. गडगा होईल असं मला वाटत नाही. दगड बसलेला आहे, हौजाला पाणी आहे, लोकांना ते सोयीचं आहे आणि शेठचे पैसे दर महिन्याला येतात. फार तर तुमचं नाव जमातीत राहील. यापेक्षा जास्त मी कबूल करत नाही.

तुम्ही रजा देऊ नये असं मी सांगत नाही आणि द्यावी असंही सांगत नाही. अलीमियाँचं वय झालं आहे, त्यांना पुढे उभं राहायचं आहे हे मला दिसतं. पण ते तुम्ही आणि ते बघा. माझ्या हातून त्या शब्दाचं आणखी काही व्हायला नको.

भाबीला मी गावात भेटेन. दाराबाहेर उभा राहीन. त्या आत बोलवतील असं धरून चाललो नाही.

तुम्ही माझ्याकडे लिहू नको म्हणालात. हे शेवटचं आहे, आणि ते मी हिशेब असल्यामुळे लिहितो. हिशेब न देता मुलूख सोडू नये.

खर्च, झालेला आणि होणारा
दुबई ते मुंबई, डेकचं तिकीट : रु. १४२
मुंबई ते गाव, अंदाजे : रु. १८
टपाल, डिसेंबरपासून आजवर : रु. ४
एकूण खर्च : रु. १६४

देणे
नूरुद्दीन शेठ, उचल : पगारातून वळती, बाकी नाही
ऐनुद्दीन दर्जी, तिकिटासाठी उसने : रु. ५०
हमदुल्लाभाई, १९६१ साली मला इथे आणताना भरलेलं बोटीचं भाडं : रु. १३५
मैमुनाबी चाची, पाचवी ते सातवी मला खाडीपलीकडच्या मराठी शाळेत जायला तरीचे, होडीचे पैसे, अंडी विकून दिलेले, महिना आठ आणे, वर्षाचे दहा महिने, तीन वर्षं : रु. १५
(चाची घ्यायला नाही, म्हणून हे पंधरा तुमच्या नावावर चढवले आहेत. चूक वाटल्यास खोडावे.)
एकूण देणे : रु. २००

मुनीर